उणे आलं तर शून्य

सासूबाई शेजारपाजारी माझं काम एका वाक्यात सांगतात. "आमची सून धूळ शोधते." त्यावर शेजारीणबाई ठरलेलं उत्तर देतात, "मग आमच्याकडे पाठवा की, सोफ्याखाली हवी तेवढी आहे," आणि दोघी पोट धरधरून हसतात. सुरुवातीला मीही हसायचे. आता मी खोलीचं दार लावून घेते. कारण सोफ्याखालची धूळ निदान सापडते तरी. आम्हाला इतक्या वर्षांत चिमूटभरही सापडली नव्हती.

आमची धूळ दुसऱ्या ताऱ्यांभोवतीची. आपल्या सूर्याभोवती मंगळ आणि गुरू यांच्यामध्ये दगडगोट्यांचा, म्हणजे लघुग्रहांचा, एक पट्टा आहे. हे दगड एकमेकांवर आपटतात, फुटतात, त्यांचा भुगा होतो. असा पट्टा एखाद्या दूरच्या ताऱ्याभोवती असेल तर त्यातले दगड इथून दिसायची सोय नाही, पण भुगा कळू शकतो. ताऱ्याच्या जवळ असल्यामुळे तो तापतो, आणि तापलेली वस्तू डोळ्यांना न दिसणारा उष्णतेचा प्रकाश टाकते. जिथे हा कोमट भुगा आहे तिथे दगड आहेत, आणि जिथे दगड आहेत तिथे कधीतरी पृथ्वीसारखं काही घडलं असेल किंवा घडता घडता राहिलं असेल. ताऱ्यापासून लांब असलेली गारठलेली धूळ इतरांना ढिगाने सापडते, त्यात काही विशेष नाही. कोमट धूळ ताऱ्याच्या अगदी अंगाशी असते. ताऱ्याच्या स्वतःच्या उष्णतेतून ती वेगळी काढताना जीव मेटाकुटीला येतो.

पद्धत सांगायला सोपी आहे. नुसत्या ताऱ्याकडून किती उष्णता यायला हवी ते आम्हाला आधीच माहीत असतं. प्रत्यक्षात किती आली ते मोजायचं. जास्त आली तर जास्तीची धुळीची. पण मोजायचं कशाने? दुर्बीण स्वतः गरम, हवा गरम, आकाशही गरम, आणि हे सगळं घटकेघटकेला बदलणारं. म्हणून हव्या त्या ताऱ्याकडे बघून झालं की लगेच दुर्बीण एका ठरलेल्या, ओळखीच्या ताऱ्याकडे वळवायची आणि दोघांची तुलना करायची. बाजारात किलोच्या वजनाचं जे काम, तेच या तुलनेच्या ताऱ्याचं. तो साधा हवा, शांत हवा, आणि त्याच्याभोवती काहीही नको.

आमचा तुलनेचा तारा सरांनी निवडला होता. सर म्हणजे आमच्या गटाचे प्रमुख. तरुण असताना त्यांनी शेकडो तारे चाळून हा एक काढला, त्यावर पहिला शोधनिबंध लिहिला, आणि पुढचं सगळं आयुष्य त्यालाच धरून मोजमापं केली. "हा धुतल्या तांदळासारखा आहे," ते प्रत्येक भाषणात सांगायचे. त्यामुळे गटात त्या ताऱ्याचं नावच 'धुतला तांदूळ' पडलं. यंत्रावर ड्यूटी असलेली मुलं सुद्धा फोनवर म्हणायची, "मॅडम, तांदूळ घेतला, आता पुढचा तारा घेतो."

आणि या तांदळाशी ताडून पाहिलेल्या प्रत्येक ताऱ्याचं उत्तर एकच यायचं. धूळ नाही. एखाद्याला वाटेल, काहीच सापडत नाही म्हणजे माणूस खचेल. सर खचले नाहीत. त्यांनी त्याचाच सिद्धांत केला. कोमट धूळ विश्वात दुर्मीळ आहे, आपल्यासारखे पट्टे अपवादाने असतात, हे ते देशोदेशी सांगत फिरले. दुसऱ्या गटांनी कुठे धूळ सापडल्याचं जाहीर केलं की सर चष्मा कपाळावर चढवून म्हणायचे, "त्यांचा तुलनेचा तारा मळका असणार." एकदा तर त्यांनी एका गटाच्या शोधाचं रीतसर खंडन छापून आणलं. काही न सापडण्यावर एवढी प्रतिष्ठा मिळवलेला दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. विद्यार्थी त्यांना पाठीमागे 'शून्यसम्राट' म्हणायचे.

मी दरवर्षी एकदा त्यांच्याशी भांडायचे. "सर, दुसरा एखादा तुलनेचा तारा घेऊया. अधूनमधून का होईना."

"का? पहिल्याने काय घोडं मारलंय तुझं?"

"घोडं नाही मारलं, पण खात्री नको का करायला?"

"दुर्बिणीचा वेळ काय रस्त्यावर पडलाय? एक मिनिट दुसरीकडे घालवलंस की तेवढा एक तारा कमी झाला." मग होयबाकडे वळून, "काय रे?"

होयबा म्हणजे माझ्या शेजारच्या टेबलावरचा सहकारी. तो लगेच म्हणायचा, "बरोबर आहे, सर." झालं भांडण. मी जागेवर येऊन कीबोर्ड आपटत बसायचे.

गटात आणखी एक नियम होता, तोही सरांचाच. उणे आलं तर शून्य लिहायचं. म्हणजे ताऱ्याकडून अपेक्षेपेक्षा कमी उष्णता आली, तर तो आकडा तक्त्यात घालायचा नाही, तिथे शून्य घालायचं. मी नवीन असताना याचं कारण विचारलं होतं. सरांनी उलट मलाच विचारलं, "तारा स्वतःपेक्षा कमी तापेल का?"

"नाही."

"मग उणे कुठून आलं? मोजण्यातली गडबड. ती कशाला मिरवायची?"

ऐकायला बिनतोड होतं. धूळ असेल तर जास्त येणार, नसेल तर तेवढंच येणार, कमी येण्याचा प्रश्नच नाही. आम्ही सगळे जास्तीच्या शोधात होतो. कमीकडे बघायला वेळ कुणाला होता?

हे सगळं आता संपणार होतं. सर निवृत्त होत होते आणि त्याच दिवशी दुपारी दुर्बिणीची समिती बसणार होती. आमचा कार्यक्रम पुढे चालू ठेवायचा की गुंडाळायचा हे ती ठरवणार होती. सरांनी समितीकडे पाठवायच्या अहवालाचा शेवट आधीच लिहून ठेवला होता: धूळ आढळली नाही, कार्य पूर्ण झालं, कार्यक्रम बंद करण्यास हरकत नाही. कार्यक्रम बंद म्हणजे माझी जागाही गेली, पण ते एक वेळ मी सोसलं असतं. उष्णता मोजणारं आमचं यंत्र दुर्बिणीवरून उतरवून तिथे दुसरं बसणार होतं. तेवढं बारीक मोजणारं यंत्र दुसरीकडे कुठे नव्हतं. एकदा ते उतरलं की माझ्या हयातीत ते तारे परत कुणी बघणार नव्हतं.

आदल्या दिवशी माझ्याकडे एकच काम राहिलं होतं. अहवालासाठी सगळ्या ताऱ्यांचा एक आलेख काढायचा. सकाळीच होयबा एक मोठी चौकट घेऊन आला. निरोप समारंभात सरांना द्यायची भेट. काळ्याकुट्ट कागदावर मधोमध एक पांढरा ठिपका.

"धुतला तांदूळ," तो कौतुकाने म्हणाला. "कसा वाटतो?"

"चौकट छान आहे," मी म्हटलं.

आलेख काढला. बघवेना. जवळजवळ सगळे ठिपके शून्याच्या रेघेवर एकाला एक चिकटून बसलेले. परीक्षेत शेजाऱ्याचं बघून लिहिणारा सुद्धा दोनचार उत्तरं बदलून लिहितो, आम्हाला तेवढीही लाज नव्हती. हे समितीसमोर माझ्या हातून जाणार या विचाराने माझं डोकंच फिरलं. जाता जाता निदान खरे आकडे तरी दाखवू, म्हणून मी जुन्या फायली उघडल्या आणि शून्यं काढून प्रत्येक ताऱ्याचा मूळ आकडा परत बसवला. यात शहाणपण काही नव्हतं. नुसता राग होता.

माझी अपेक्षा अशी की ठिपके रेघेच्या वर-खाली सारखे विखुरतील. मोजण्यातली गडबड अशीच असते, ती कुणाची बाजू घेत नाही. पण ठिपके खाली गेले. जवळजवळ सगळे, आणि जवळजवळ सारख्याच अंतराने. म्हणजे आमचे बहुतेक तारे त्यांनी तापायला हवं त्यापेक्षा थोडे थोडे कमी तापत होते, आणि तेही ज्या प्रकाशात कोमट धूळ चमकते फक्त त्याच प्रकाशात. बाकी प्रकाशात सगळे बरोबर रेघेवर.

मला आधी वाटलं मीच काहीतरी घोळ घातलाय. सगळं पुन्हा केलं. तेच. मग मी खुर्चीत मागे टेकले आणि होयबाच्या टेबलाला टेकवून ठेवलेल्या त्या चौकटीतल्या ठिपक्याकडे बघत राहिले.

इतके सगळे तारे एकाच वेळी कमी तापणार नाहीत. सगळीच पोती हलकी भरत असतील तर पोत्यांचा दोष नाही, किलोचं वजन किलोपेक्षा जड आहे. धुतला तांदूळ जास्त तापत होता. त्याच्याभोवती कोमट धूळ होती. ज्या एका ताऱ्याला आम्ही निर्मळ धरून बाकी सगळ्यांना तपासत होतो, धुळीचा पट्टा त्याच्याच कमरेला होता, आणि त्याच्याशी तुलना केली की स्वच्छ तारा उणे यायचा. आम्ही त्या उण्याचं शून्य करायचो.

एवढ्यावर भागलं असतं तरी पुरे होतं. पण रेघेवर काही मोजके ठिपके उरले होते. त्यांचा मूळ आकडाच शून्य होता. उण्याचं शून्य केलेले नव्हेत, अस्सल शून्यवाले. बाकी सगळे खाली असताना हे वर कसे? तर यांच्याभोवतीही तांदळाइतकीच धूळ होती म्हणून. आम्हाला हवे होते ते तारे हेच! वर्षानुवर्षं ते आमच्या तक्त्यात बसले होते आणि आम्ही खोट्या शून्यांच्या गर्दीत त्यांना पुरून टाकलं होतं. त्यांतला एक ज्याचं सरांनी खंडन छापलं होतं तोच होता.

खात्रीसाठी मी सगळ्या दुर्बिणींची जुनी मोजमापं ठेवलेल्या सार्वजनिक साठ्यात शोधलं. एका दुसऱ्या गटाने कधीतरी आपल्या कामाच्या ओघात आमच्या तांदळाचं मोजमाप घेतलं होतं, वेगळ्या ताऱ्याशी ताडून. त्याकडे पुन्हा कुणी ढुंकूनही बघितलं नव्हतं. मी बघितलं. जास्तीची उष्णता तिथे स्वच्छ दिसत होती, अगदी माझ्या आलेखात जेवढी कमी पडत होती तेवढीच.

आनंद झाला असेल असं कुणाला वाटेल. नाही झाला. मला उठून काहीतरी फोडावंसं वाटलं. दुसरा तारा घेऊया, दुसरा तारा घेऊया म्हणून मी घसा कोरडा केला होता, आणि आज, समिती बसायच्या आदल्या दिवशी, हे माझ्या पदरात पडत होतं.

सरांना फोन लावला. उचलला नाही. पाहुण्यांना आणायला गेल्याचं होयबाने सांगितलं.

घरी जेवताना सासूबाईंनी नेहमीचा प्रश्न टाकला. "काय, सापडली का धूळ?"

"सापडली," मी म्हटलं.

नवऱ्याचा घास हातातच राहिला. इतक्या वर्षांत या प्रश्नाला असं उत्तर कधी आलंच नव्हतं. सासूबाई म्हणाल्या, "मग तोंड असं का? कुठे सापडली?"

मी दोघांना सगळं सांगितलं. नवऱ्याने दोन वेळा मधेच थांबवून समजावून घेतलं. सासूबाईंनी मात्र एकदाच ऐकलं आणि थेट वर्मावर बोट ठेवलं. "म्हणजे त्या साहेबांचं आयुष्यभराचं काम पाण्यात गेलं?"

"हो."

"आणि उद्या त्यांचा निरोप आहे."

"हो."

"अगं मग परवा सांग की. एका दिवसाने काय होतंय?"

"समिती उद्या बसते आहे, आई. परवा सांगून काय उपयोग?"

"बिचारा म्हातारा," त्या म्हणाल्या, आणि माझं पित्त खवळलं. जो तो त्यांनाच बिचारा म्हणणार. मी ताट उचलून आत गेले.

सकाळी सरांच्या घरी गेले. दार त्यांच्या बायकोने उघडलं. काकूंच्या हातात इस्त्री होती. "ये ये. संध्याकाळच्या कोटाची तयारी चाललीय. नवा घ्या म्हटलं तर ऐकत नाहीत." आतून सरांचा आवाज येत होता. ते आरशासमोर भाषणाचा सराव करत होते. 'माझ्या सहकाऱ्यांनी' म्हणून थांबायचे, पुन्हा 'माझ्या सहकाऱ्यांनी' म्हणायचे.

"अहवाल पाठवलास?" मला बघून त्यांनी पहिलं हेच विचारलं.

"नाही. आधी हे बघा."

मी लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर ठेवला. त्यांनी चष्मा चढवला, आलेख बघितला, आणि त्यांचा चेहरा लाल झाला. "हे उणे आकडे कुणी घातले?"

"मी."

"नियम माहीत नाही तुला? एवढी वर्षं काय शिकलीस, विदुषी?" 'विदुषी' म्हटलं म्हणजे ते खरोखर चिडले होते.

"सर, आकडे खाली का गेलेत ते बघा. सगळे एकसारखे गेलेत."

"यंत्राची गडबड."

"मग बाकीच्या प्रकाशात का नाही?"

"हवेची असेल."

"हवा दोघांनाही सारखीच लागते, सर. त्यासाठीच तर तुलना करतो आपण."

"तुझं गणित चुकलंय!" ते ओरडले. काकू इस्त्री घेऊन दारात आल्या आणि तशाच मागे फिरल्या.

"तपासा मग," मीही आवाज चढवला. "बसा आणि तपासा. मला चुकलेलं दाखवा, मी अहवाल आत्ता पाठवते."

ते बसले. माणूस हट्टी होता पण आकड्यांना घाबरणारा नव्हता. त्यांनी कागद ओढला आणि हाताने, जुन्या पद्धतीने, एकेक तारा करायला घेतला. मी खुर्चीमागे उभी राहिले. काकूंनी चहा आणून ठेवला, तो निवला. सुरुवातीला ते मधूनमधून पुटपुटत होते. हळूहळू पुटपुटणं थांबलं. मग मी साठ्यातलं दुसऱ्या गटाचं मोजमाप त्यांच्यासमोर सरकवलं. ते त्यांनी एकदाच बघितलं आणि पेन खाली ठेवलं.

या क्षणाची मी किती वर्षं वाट बघितली होती! काय काय बोलायचं ते सगळं पाठ होतं. आणि ते समोर असे बसले होते, बनियनवर, एका गालाला दाढीचा साबण तसाच वाळलेला. मी निवलेला चहा त्यांच्याकडे सरकवला. त्याचाही मला राग आला.

"आज नको गं," ते म्हणाले.

मला त्यांनी आजवर कधी 'गं' म्हटलं नव्हतं.

"आज माझा एवढा दिवस जाऊ दे. उद्या काय सांगायचं ते सांग सगळ्यांना. मी मधे येणार नाही."

"उद्या यंत्र उतरवायचा हुकूम निघेल. मग हे नुसतं कागदावर राहील. कुणी म्हणालं हे खरं कशावरून, तर दाखवायला दुर्बीण नसेल. हे तारे, सर! आपले तारे आहेत ते. सापडलेत."

"आणि मी?"

ते सरळ माझ्याकडे बघत होते, उत्तराची वाट बघत. बाहेरच्या खोलीत काकूंची इस्त्री थांबली होती.

शेवटी मीच माघार घेतली. "ठीक आहे. मी समितीला वेळ मागते. तुमचं नाव घेत नाही. नुसती शंका आहे असं लिहिते." खाली बसून मी एक वाक्य टाइप केलं आणि त्यांच्यापुढे धरलं. ते मोठ्याने वाचू लागले.

"'तुलनेच्या ताऱ्याच्या संदर्भात कदाचित काही प्रमाणात अनिश्चितता असण्याची शक्यता नाकारता येत नाही.'" ते थांबले. पुन्हा वाचलं. "हे काय आहे?"

"तुम्हाला त्रास नको म्हणून—"

"कदाचित. काही प्रमाणात. शक्यता. नाकारता येत नाही!" प्रत्येक शब्दाला टेबलावर बोट आपटत होते. "कोण नाकारतंय? मी त्या समितीवर उगाच बसलो का इतकी वर्षं? असल्या वाक्यावर मी कुणाला खिडकीतून चंद्र बघू दिला नसता. दुर्बीण मागतेयस की माफी?"

"मग काय लिहू? तुम्हीच म्हणालात आज नको!"

"म्हणालो. म्हणून असं गुळमुळीत लिहायचं? हातात काय आलंय ते कळतंय का तुला? नीट लिही. काढ ते 'कदाचित'."

मी काढलं.

"पुढचंही काढ. सगळं काढ. आता लिही. 'तुलनेच्या ताऱ्याभोवती कोमट धूळ आहे.' पूर्णविराम. 'त्यामुळे या कार्यक्रमाचे आजवरचे सर्व निष्कर्ष चूक आहेत.' पूर्णविराम." ते उठून येरझारा घालायला लागले होते. आवाज वर्गातला झाला होता. "'ताऱ्याची निवड मी केली होती. उणे आकड्यांचं शून्य करण्याचा नियमही माझाच.' माझं नाव घाल तिथे, पूर्ण घाल. मग ज्या ताऱ्यांभोवती धूळ दिसते त्यांची नावं. ज्याचं मी खंडन केलं तो सगळ्यात आधी. मग किती वेळ हवा ते. आणि भीड न ठेवता माग, ते निम्म्यावर आणतातच."

मी लिहीत होते. त्यांनी माझ्या खांद्यावरून वाकून दोन ठिकाणी शब्द बदलायला लावले. एका ठिकाणी माझी व्याकरणाची चूक काढली. शेवटी विचारलं, "खाली कुणाचं नाव?"

"आपलं दोघांचं?"

"माझं वर आलंय ना? खाली तुझं. दुर्बीण तुला हवीय."

"सर—"

"पाठव."

मी पाठवलं. ते खुर्चीत बसले आणि निवलेला चहा एका घोटात प्यायले. आता काहीतरी बोलायला हवं असं मला वाटत होतं, पण जे सुचेल ते त्या काढून टाकलेल्या वाक्यासारखंच गुळमुळीत. मी लॅपटॉप आवरला. काकू दारापर्यंत आल्या. त्यांनी सगळं ऐकलं असणार, पण म्हणाल्या एवढंच, "काही खाल्लंस का सकाळपासून?"

मी चप्पल घालत होते तेव्हा सर आतून उठून आले. "ऐक."

"काय, सर?"

"संध्याकाळी कार्यक्रमाला येऊ नकोस."

"का, सर?"

"तिथे सगळे मला चांगलं म्हणणार. मला ते हसून ऐकावं लागेल. तू समोर बसलीस तर मला जमणार नाही." आणि त्यांनी दार लावून घेतलं.

संध्याकाळी मी ऑफिसातच होते. सभागृह आमच्या खोलीला लागून आहे, मधे एक पातळ भिंत. माइकची खरखर, मग संचालकांचा आवाज, टाळ्या, पुन्हा टाळ्या. होयबाने दारातून डोकावून विचारलं, "येत नाहीस?" मी म्हटलं काम आहे. तो माझ्याकडे अशा नजरेने बघून गेला की जणू मी कृतघ्नपणाचा कळस केला होता. बोलणार तरी काय त्याला? येऊ नकोस म्हणून खुद्द सरांनीच सांगितलं होतं.

समितीचं उत्तर आलं तेव्हा पलीकडे सरांचं भाषण सुरू झालं होतं. वेळ मंजूर. यंत्र जागेवर राहील. मागितल्याच्या निम्मा वेळ.

निम्मा! एवढं स्पष्ट लिहून निम्मा. मी रागाने उठले, दारापर्यंत गेले. हे आत्ताच्या आत्ता कुणाला तरी सांगायला हवं होतं, बरोब्बर निम्म्यावर आणलं म्हणून बोंबलायला हवं होतं, तारे मिळाले म्हणून नाचायला हवं होतं. सासूबाईंना सांगितलं असतं तर त्या हसल्या असत्या. नवऱ्याला सांगितलं असतं तर त्याने अभिनंदन केलं असतं. निम्मा म्हणजे काय ते कळणारा माणूस एकच होता. भिंतीपलीकडून त्याचा आवाज येत होता. "माझ्या सहकाऱ्यांनी," तो म्हणाला, आणि थांबला. टाळ्या होईनात, कारण वाक्य पुरं झालं नव्हतं. बराच वेळ झाला तरी ते पुरं होईना.